दोन बटणांची गोष्ट

तीन पगार साठवून चिरंजीवांनी बास गिटार घ्यायचे ठरविले. "नाना, कान तुमचे हवेत," म्हणून मलाही दुकानात नेले. (एके काळी मी तबला बडवीत असे, एवढीच माझी लायकी!)

दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. पहिली प्रिसिजन. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५१ साली काढलेल्या वाद्याचा हा वंश. दुभंगलेला पिकअप १९५७ पासूनचा. बटणे दोनच, एक आवाजाचे, एक टोनचे. दुसरी जॅझ, १९६० सालच्या घराण्याची. पिकअप दोन, बटणे तीन, मान शेंड्याकडे निमुळती. चिरंजीवांची बोटे माझ्यासारखीच आखूड. हाताने जॅझलाच कौल दिला. पण स्वारीला हवा होता जुन्या रेकॉर्डींतला गोल, घुमणारा आवाज. अर्धा तास जॅझची बटणे पिळली, तरी हा पिकअप कमी की तो जास्त, यातच गाडी अडली. मग प्रिसिजनचा टोन निम्मा उतरवला, आणि खरे सांगतो, पहिल्याच सुराला माझ्या छातीत डग्गा वाजला.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डींवर जेम्स जेमरसन १९६२ ची प्रिसिजन एका तर्जनीने छेडी. तारा तुटल्याखेरीज बदलीत नसे म्हणतात. त्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्याच्या. बोटाखाली खरखरत नाहीत.

प्रिसिजनच घेतली. "बोटांना ताणायची सवय करीन," म्हणाला. फ्लॅटवाउंड तारांपुरते पैसे मात्र त्याच्याजवळ उरले नाहीत. ते मी दिले. सौ.ला अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा पाहू.