कलावंताचा प्रतिनिधी

दिल्लीतील रामकृष्ण पुरम ही प्रामुख्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. नोकरी म्हणजे ठरलेला पगार, बढती आणि निवृत्तिवेतन, हे समीकरण अशा वसाहतीत सहज रुजते. तेथील एखाद्या तरुणाने ‘नटनट्यांना काम मिळवून देणे हा माझा व्यवसाय’ असे सांगितले, तर वडीलधारी मंडळी त्याला दलाल समजण्याचाच संभव अधिक. हा गैरसमज दूर व्हायला हवा. कारण ज्या कलावंताला ओळख नाही आणि वशिलाही नाही, त्यालाच या व्यवसायाची सर्वाधिक गरज असते.

येथे दोन कामांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भूमिकेसाठी योग्य नट शोधणारा पात्रनिवडकार निर्मात्याने नेमलेला असतो. प्रतिनिधी मात्र कलावंताच्या बाजूने उभा राहतो. काम शोधणे, मानधन ठरवणे, करार तपासणे आणि ठरलेले पैसे वेळेवर मिळवून देणे, ही त्याची कर्तव्ये होत. मिळालेल्या मानधनाचा ठरावीक हिस्सा हा त्याचा मोबदला असतो.

पारखी नजरेचे मोल दिल्लीला अपरिचित नाही. 1959 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने या शहरात अनेक नट घडवले. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’ (1994) या चित्रपटाची पात्रनिवड याच विद्यालयात शिकलेल्या तिग्मांशू धुलिया यांनी केली. तेथीलच सीमा विश्वास त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

मोठ्या संस्थांच्या भांडवलावाचून उभ्या राहणाऱ्या स्वतंत्र चित्रपटात नावाजलेला नट परवडत नाही. म्हणून नव्या चेहऱ्यांना तेथे वाव मिळतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) मध्ये लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) मधील जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातील खेड्यातला मुलगा; त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

दिग्दर्शक स्वतःच नट शोधत असेल, तर प्रतिनिधी हवा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु निवड ही केवळ सुरुवात आहे. पहिल्या चित्रपटानंतर दुसरे काम कोण मिळवून देणार? करारातील बारीक अक्षरे कोण वाचणार? गावाकडून आलेल्या नवख्या कलावंताला हे एकट्याने पेलणे कठीण असते. मानधनच थोडे असल्याने प्रतिनिधीचा हिस्साही थोडा. म्हणून ज्याला आधाराची निकड अधिक, त्याच्याकडे येणारे प्रतिनिधी कमी, ही खरी अडचण आहे.

या व्यवसायाच्या आडून फसवणूकही होते, हे नाकारता येत नाही. नावनोंदणीच्या किंवा छायाचित्रांच्या नावाखाली आधीच पैसे उकळणारे लोक आढळतात. खरा प्रतिनिधी कलावंताने कमावल्यानंतरच आपला हिस्सा घेतो; ही साधी कसोटी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असा व्यवसाय करण्यासाठी कामगार आयुक्तांचा परवाना आवश्यक असतो. आपल्याकडेही या व्यावसायिकांची नोंदणी सक्तीची व्हावी आणि मोबदल्याची मर्यादा ठरावी. त्यामुळे प्रामाणिक माणसाची प्रतिष्ठा वाढेल आणि लबाडाला आळा बसेल.

अर्थात, कायदा झाला तरी कलावंताची जबाबदारी संपत नाही. न वाचलेल्या कागदावर सही न करणे आणि आपल्या कराराची प्रत स्वतःजवळ ठेवणे, एवढे तरी त्याने केलेच पाहिजे. अभिनयाचे गुण जन्मजात असू शकतील, पण श्रमाचा मोबदला जाणतेपणानेच पदरात पडतो. ते जाणतेपण देणारा प्रतिनिधी हा दलाल नव्हे. तो कलावंताचा सहप्रवासी होय.