गाण्याची महती, पण गाणे कुठे?

दीर्घ आणि भव्य कलाकृतीविषयी नापसंती व्यक्त करणाऱ्याला एक ठरावीक उत्तर मिळते : तुम्हाला ती कळली नाही, पुन्हा अनुभवा. साहित्याच्या वर्गात हे उत्तर आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. प्रोग्रेसिव्ह मेटलच्या चाहत्यांत तर त्याला जवळजवळ आज्ञेचे स्थान आहे. ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकन बँडचा ‘द ॲस्टॉनिशिंग’ हा अल्बम जानेवारी २०१६मध्ये आला, आणि त्याच्या बचावासाठीही हेच उत्तर पुढे केले गेले. आम्ही तो पुन्हा ऐकला, आणि एकदाच नव्हे. आमचे म्हणणे असे की, हा अल्बम दुर्बोध मुळीच नाही. तो फार सहज कळतो; अडचण आहे ती कळल्यानंतरची.

ही तक्रार परक्याची नाही. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५ साली जॉन पेट्रुची, जॉन मायंग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या बँडने मेटलचा जडभार आणि सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकचा विस्तार यांची सांगड घातली. बदलती तालचक्रे, दहा-दहा मिनिटांच्या रचना, वादनातील थक्क करणारी तयारी ही तिची बाह्य लक्षणे. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) आणि ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ (१९९९) या अल्बममध्ये त्या लक्षणांना कारण होते. दुसऱ्यात पूर्वजन्मीच्या खुनाची कथा आहे. पहिल्यातील एका गाण्याची स्वरवाक्ये तिथे पुन्हा उमटतात, ती नायकाला छळणाऱ्या आठवणींसारखी. श्रोत्याला काहीतरी ओळखीचे वाटते, पण ते कुठले हे चटकन उमगत नाही. नेमकी तीच नायकाची अवस्था असते. घाट आणि आशय वेगळे काढता येत नाहीत ते असे.

आता ‘द ॲस्टॉनिशिंग’ पाहा. दोन अंक, चौतीस तुकडे, सुमारे १३० मिनिटे. सोबत प्रागचा वाद्यवृंद आणि गायकवृंद. कथा इसवी सन २२८५मधली. सरंजामशाही परतलेली आहे, माणसांनी गाणे सोडून दिले आहे आणि ‘नोमॅक्स’ नावाची हवेत तरंगणारी यंत्रे तेवढी आवाज काढतात. अशा जगात गेब्रिएल हा तरुण गाण्याची देणगी घेऊन जन्मतो. सम्राट नफॅरियस, त्याची कन्या फेथ, गेब्रिएलवर जडलेले तिचे प्रेम, भावाची डळमळलेली निष्ठा, मृत्यू, पुनरुज्जीवन आणि शेवटी यंत्रांचे मौन असा हा प्रवास आहे. कथा बाळबोध आहे, पण आमचा मुख्य आक्षेप तो नाही. बाळबोध कथांवर थोर संगीतिका उभ्या राहिल्या आहेत.

आक्षेप असा : ज्या जगात गाणे लोपले आहे, त्या जगात या अल्बममधला प्रत्येक जण पहिल्यापासून गातो. सम्राट गातो, त्याचा कपटी मुलगा गातो, बंडखोर सेनापती गातो. हा संगीतिकेचा संकेत आहे, हे आम्हाला मान्य. पण संकेत स्वीकारल्यावर रचनाकाराची जबाबदारी वाढते. गेब्रिएलचे गाणे इतरांच्या गाण्याहून वेगळे ऐकू आले पाहिजे. इथे ते येत नाही. पियानोचे हळवे सूर, त्यांवर चढत जाणारा वाद्यवृंद, शिखरावर गिटार, हाच आराखडा नायकाच्या चमत्काराला आणि हाच इतरांच्या शोकालाही. गाणे ऐकून सम्राटाचे डोळे पाणावले, असे आपल्याला सांगितले जाते. आपले का पाणावावेत, याचे उत्तर संगीत देत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा दोष परिचित आहे : नायक महाकवी असल्याचे पानोपानी सांगणारी, पण त्याची कविता अंगी न उतरलेली कादंबरी.

हेच सूत्र घेऊन कॅनडाच्या ‘रश’ या बँडने १९७६ साली काय केले होते? ‘२११२’ ही त्यांची रचना ध्वनिमुद्रिकेची एक बाजू व्यापते, म्हणजे जेमतेम वीस मिनिटे. तिथेही सत्ताधीशांनी संगीतावर ताबा मिळवलेला आहे, आणि एका माणसाला जुनी गिटार सापडते. तो ती हाती घेतो तेव्हा आपल्याला थेट वादन ऐकू येत नाही. पाण्याच्या आवाजात एकेक तार चाचपडत छेडली जाते, सूर जुळवले जातात, मग हळूहळू त्यातून चाल आकार घेते. शोध लागल्याचे इथे निवेदन नाही. तो आपल्या कानांदेखत लागतो. पुढे एकच गायक नायकासाठी मृदू आणि पुरोहितांसाठी कर्कश आवाज लावतो, आणि संघर्ष उभा राहतो. ‘द ॲस्टॉनिशिंग’मध्येही जेम्स लाब्री हा एकटाच सगळी पात्रे गातो. तो मेहनत घेतो, आवाज बदलतो. पण सगळ्यांच्या तोंडी एकाच वळणाची चाल असेल, तर गायकाने भेद आणावा कुठून?

काही जण याचे खापर २०१०मध्ये बँड सोडून गेलेल्या पोर्टनॉयच्या अनुपस्थितीवर फोडतात. हा स्मरणरंजनाचा मोह आहे. पोर्टनॉय २०२३मध्ये परतला, २०२५मध्ये ‘पॅरासोम्निया’ हा अल्बम आला; त्याने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. ‘द ॲस्टॉनिशिंग’चे संगीत पेट्रुची आणि कीबोर्डवादक जॉर्डन रूडेस या दोघांचे, आणि शब्द व कथा एकट्या पेट्रुचीची. मायंगचा बेस आणि माइक मँजिनीचे ड्रम्स इथे ठरलेल्या आराखड्यात आपापली जागा भरतात. बँडमधील वादविवाद, एकाच्या सुचण्याला दुसऱ्याने दिलेला धक्का, हे ज्या संगीताचे बळ होते, ते संगीत एकभाषी झाले.

‘नोमॅक्स’चे तुकडे पाच आहेत, आणि सगळे मिळून पाचेक मिनिटांचे. खरखर, तुटलेले ध्वनी, अर्थशून्य कुजबुज. संपूर्ण अल्बममध्ये पुढे काय येईल याचा अंदाज लागत नाही, तो एवढ्याच ठिकाणी. मानवी संगीताचा विजय सांगणाऱ्या कृतीत यंत्रेच अधिक अनपेक्षित वाटावीत, याहून मोठा पराभव कोणता?

आज संगणक मागणीनुसार गाणी रचून देऊ लागले आहेत, तेव्हा हा अल्बम भविष्यवेधी होता, असे म्हणण्याचा मोह होईल. विषय भविष्यवेधी होता, हे आम्ही मान्य करू. पण माणसाचे गाणे यंत्राच्या गाण्याहून निराळे कशाने ठरते, या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. ते गाऊनच द्यावे लागते. यंत्रालाही सहज जुळवता येईल अशा साच्यात माणुसकीचा गौरव केला, तर तो गौरव प्रतिपक्षाची साक्ष ठरतो.

महत्त्वाकांक्षेबद्दल आदर असावा, असे आम्हाला सांगितले जाईल. आहेच, म्हणूनच १३० मिनिटे पुन्हा पुन्हा दिली. परंतु लांबी, श्रम आणि आवाका यांना गुण देण्याची सवय वर्गात आणि समीक्षेत एकदा लागली, की कृतीत प्रत्यक्ष काय घडते हे विचारायचे राहून जाते. ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण एकेकाळी पुढे टाकलेल्या पावलाचे होते. ते आकारमानाचे नाव होऊन बसले असेल, तर तसे म्हणण्याचे काम ज्यांनी या संगीतावर प्रेम केले त्यांचेच आहे.