विघ्नहर्त्याचा उत्सव आणि स्वयंसेवकाच्या हातातील वॉकीटॉकी

भाद्रपद मास समीप आला की घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमातीरीचे दौंड या दोन्ही तालुक्यांत गणरायाच्या स्वागताची लगबग सुरू होते. शिरूर तालुक्यातील रांजणगावी महागणपतीचे स्थान आहे, तर दौंडकडून भीमा ओलांडली की कर्जत तालुक्यातील सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाचे दर्शन घडते. अष्टविनायकांपैकी ही दोन क्षेत्रे या टापूत असल्याने येथे भाविकांची वर्दळ मोठी. दर्शनाची रांग, वाहनतळ, चुकलेली मुले, विसर्जनाच्या वेळी नदीचे पात्र या साऱ्यांवर नजर ठेवण्याचे काम गावोगावचे स्वयंसेवक निष्ठेने करतात.

अशा गर्दीत मोबाइल फोन ऐन वेळी दगा देतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. सहस्रावधी लोक एकाच मनोऱ्यावर विसंबले की साधा निरोपही पोहोचत नाही. साहजिकच मंडळांचे लक्ष हाती धरण्याच्या स्वस्त वॉकीटॉकीकडे वळते. त्याला मनोरा लागत नाही. कळ दाबून बोलले की ते सर्व सहकाऱ्यांना एकाच वेळी ऐकू जाते. या सोयीबद्दल आमचा आक्षेप नाही. मात्र ती घेताना कोणता विवेक बाळगावा, याचा विचार उत्सवापूर्वीच व्हावा असे आम्हांस वाटते.

एके काळी घरच्या रेडिओसाठीही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे वडीलधाऱ्या वाचकांना स्मरत असेल. तो परवाना गेला. पण संदेश प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रावरील निर्बंध गेलेले नाहीत. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने असे यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगण्यासही मनाई केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकृत अनुमती आवश्यक ठरविली आहे. ‘आम्ही विकत घेतला, पण वापरला नाही’ हा बचाव म्हणूनच पुरेसा ठरत नाही.

सामान्य नागरिकासाठी एक वाट सरकारने मोकळी ठेवली आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीचे संच परवान्याविना वापरता येतात. मात्र त्या संचाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता, म्हणजे ‘ईटीए’ प्रमाणपत्र, असले पाहिजे. बाजारात दिसणारे अनेक स्वस्त संच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढील विस्तीर्ण पट्ट्यांत, सुमारे पाच वॅट शक्तीने बोलतात. पोलीस आणि इतर सेवांना नेमून दिलेल्या लहरी याच पट्ट्यांत येतात. एका लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. उत्साही स्वयंसेवकाने अजाणता तेथे कळ दाबून धरली, तर बंदोबस्तावरील शिपायाचा निरोप अडेल. नदीकाठी कोणी बुडत असताना अशी दोन मिनिटे गेली, तर ती कशी भरून येणार?

दोष केवळ घेणाऱ्याचा नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा बजावल्या. वारंवारता, परवान्याची आवश्यकता आणि प्रमाणपत्र यांची माहिती न देता वॉकीटॉकी विक्रीस मांडल्याचा ठपका त्यांवर होता. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. दुकानात उघड मिळते म्हणून वस्तू कायदेशीरच असणार, हा समज किती भ्रामक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा मंडळांनी वर्गणीचा पैसा खर्चण्यापूर्वी विक्रेत्यास दोन प्रश्न विचारावेत. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो? त्याचे ईटीए प्रमाणपत्र कोठे आहे? उत्तरे लेखी पावतीवर घ्यावीत. भाड्याने संच आणतानाही हीच दक्षता हवी. अधिक शक्तीचे संच हवेच असतील, तर दूरसंचार विभागाकडे परवान्यासाठी बऱ्याच आधी अर्ज करावा. परीक्षा देऊन मिळणारा हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना व्यक्तीला मिळतो. एका कार्यकर्त्याच्या परवान्यावर साऱ्या मंडळाला बोलता येत नाही.

परवानामुक्त संचाचा पल्ला मोकळ्या जागी फार तर एक-दोन किलोमीटर, दाट वस्तीत त्याहून कमी. पण देवळापासून वाहनतळापर्यंत किंवा मांडवापासून घाटापर्यंत तो बहुधा पुरतो. हा पट्टा सर्वांचा सामाईक असल्याने शेजारच्या मंडळाचे बोलणेही कानी पडते. कोणी कोणती वाहिनी वापरावी, हे पोलिसांसमवेतच्या उत्सवपूर्व बैठकीतच ठरवावे. चुकलेल्या मुलाचे पूर्ण नाव वा घरचा पत्ता त्यावर उच्चारू नये. बोलणे थोडके असावे, आणि बोलून होताच कळ सोडावी.

विघ्नहर्त्याच्या उत्सवात आपल्या हातून दुसऱ्याच्या मदतीत विघ्न येऊ नये, एवढी काळजी तर प्रत्येक भाविक घेईलच. आपल्या घरचा मुलगा यंदा स्वयंसेवकाचा बिल्ला लावून निघेल, तेव्हा त्याच्या हातातील संच कोणता आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी अवश्य विचारावे, अशी आमची विनंती आहे.