मशीन छापेल, पण मापणार कोण?



आमच्या दिघीच्या शाळेत बऱ्याच मुलांचे वडील भोसरी-चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत. मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गाला एक व्हिडिओ दाखवला. त्यात मशीन धातूच्या भुकटीपासून इंजिनाचा भाग तयार करत होतं. सगळी मुलं खूश! एक मुलगी मात्र गप्पच होती. नंतर हळूच म्हणाली, "बाई, मग माझ्या पप्पांचं काम जाणार का?" तिचे पप्पा सीएनसी मशीन चालवतात.

"नाही गं" म्हणून विषय संपवता आला असता. पण मुलांना खरं उत्तर द्यावं, असं माझं मत आहे.

आधी फरक सांगितला. वेरूळचं कैलास लेणं डोंगर वरून खाली कोरत, नको तो दगड काढून घडवलं. लेथवरही तसंच, जॉब तयार होतो आणि खाली धातूचा कीस पडतो. थ्रीडी प्रिंटिंगचं उलट आहे. दिवाळीच्या किल्ल्याला आपण मातीचे थर देतो ना, तसं. भुकटीचा केसासारखा पातळ थर पसरायचा, हवा तेवढाच भाग लेसरने वितळवायचा, त्यावर पुढचा थर.

फायदा मोठा आहे. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं असं इंजिन इस्रोने ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांच्या जागी एकच भाग आला, वेल्डिंगचे १९ जोड वाचले. जिथे ५६५ किलो धातू लागायचा, तिथे १३.७ किलो भुकटी पुरली. विमानाचंही तेच. ज्या जीई कंपनीचा कारखाना २०१५ पासून आपल्या चाकणला आहे, तिने लीप इंजिनाचा सुमारे २० भाग जोडून होणारा इंधनाचा नोझल एकाच तुकड्यात छापला.

म्हणजे काही कामं कमी होणार, हे लपवू नये. पण छापलेला भाग लगेच इंजिनात बसत नाही. तो प्लेटवरून कापावा लागतो, भट्टीत तापवावा लागतो, जोडाच्या जागा सीएनसीवर अचूक कराव्या लागतात. आत बारीक पोकळी राहिली तर पुढे तडा जाऊ शकतो, म्हणून एक्स-रेने तपासावा लागतो. थोडक्यात, हातातलं काम बदलेल. ते शिकायला कामगाराला वेळ आणि संधी द्यायला हवी, ही जबाबदारी कंपन्यांची.

आणि आपली? शाळेला प्लॅस्टिकचा प्रिंटर आणून कपाटात ठेवण्यापेक्षा मुलांना नीट मापायला शिकवूया. चौथीतली कितीतरी मुलं अजून पट्टी शून्याऐवजी एकपासून लावतात! चित्र काढणं, मापणं, चुकलं की स्वतः शोधणं, हेच पुढे कामाला येणार आहे.

त्या मुलीला मी गृहपाठ दिला, "पप्पांना विचार, ते सगळ्यात लहान माप कोणतं घेतात?" दुसऱ्या दिवशी धावतच आली. "बाई, पप्पा केसापेक्षा बारीक मापतात!"

पालकहो, आज घरी मुलांना तुमचं काम सांगा. तो धडा आमच्या पुस्तकात नाही.