हातात कला आहे, पण पुढे काय?

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीने १९९९ मध्ये सुरू केली. त्या दिवशी रांगोळी बघताना आपण हमखास म्हणतो, "काय हात आहे हो हिचा!" पण त्याच हाताने चार पैसे मिळवायचे तर शिकायचं कुठे, हे तिला कुणी सांगत नाही.

माझ्या भाचीचंच बघा ना. कल्याणला राहते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. लग्न झालं, मूल झालं, मग घराजवळच्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स केला. पहिलं काम मिळालं मिठाईच्या खोक्याचं. कॉम्प्युटरवर छान दिसत होतं. छापून आलं तेव्हा केशरी रंग विटकरी झालेला आणि दुकानाचं नाव नेमकं घडीवर! छपाईचा खर्च तिच्याच अंगावर पडला. म्हणाली, "मावशी, मी बटणं शिकले गं, डिझाइन नाही शिकले."

मला वाटतं, गोम इथेच आहे. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईतला शाईचा, म्हणून तो बदलतो. अक्षरांमधलं अंतर, कागदाची जाडी, खोक्याची घडी हे छापखान्यात उभं राहूनच कळतं. आता तर चित्र कॉम्प्युटरच काढून देतो. मग नुसत्या बटणांना किंमत काय राहणार?

मुंबईचं सर जे. जे. १८५७ पासूनचं. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पण कल्याणहून सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर, आणि लोकलची गर्दी काय वर्णावी! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवाशांचे जीव गेले. घरी लहान मूल असलेल्या बाईने रोज हा प्रवास करायचा?

म्हणूनच घराजवळचं शिक्षण महत्त्वाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, ती याच विचाराने. महाविद्यालयाने जवळच्या उद्योगांशी बोलून अभ्यासक्रम ठरवायचा आणि प्रत्यक्ष कामही शिकवायचं. २०१४ मध्ये बी. व्होक. आली. त्यात एका वर्षाने डिप्लोमा, दोन वर्षांनी अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मध्येच थांबावं लागलं तरी वर्ष वाया जात नाही. बाईच्या आयुष्यात थांबे किती असतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे कामही आहे. भिवंडीत यंत्रमाग आहेत, उल्हासनगरात कपड्यांचे कारखाने, डोंबिवलीत एमआयडीसी. प्रत्येकाला लेबल लागतं, खोकं लागतं, नक्षी लागते. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी या मंडळींना बोलावून दुपारच्या वेळेचे असे वर्ग काढले, तर कितीतरी जणी येतील. हे आपणच मागायला हवं.

तोवर मैत्रिणींनो, कुठेही फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? त्याचे श्रेयांक पुढच्या पदवीला धरतात का? छापखान्यात किंवा कारखान्यात प्रत्यक्ष काम किती दिवस? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर पर्स उघडू नका.

भाची आता पुन्हा प्रवेशाच्या खटपटीत आहे. या वेळी आधी छापखाना दाखवा म्हणते!