घरचा गोऱ्हा आणि जपानी गाडी

गेल्या महिन्यातील एका रविवारी मी माझ्या आयुष्यातील पहिली मोटार-शर्यत पाहिली. धूळ नव्हती, पेट्रोलचा वास नव्हता आणि गाड्यांचा आवाजही शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये म्हणून मुद्दाम बारीक केलेला होता. नागपुरात माझे मेहुणे राहतात त्या वसाहतीच्या सभागृहात टीव्हीचा एक भला मोठा संच मांडून सोळा मुलांनी ही स्पर्धा भरविली होती. वर्गणी प्रत्येकी शंभर रुपये, बक्षीस म्हणून एक चषक आणि उरलेल्या पैशांचे समोसे. त्या सोळांतील एक आमचे धाकटे चिरंजीव.

वाचकांना हे सांगितले पाहिजे की मी तेथे हौसेने गेलो नव्हतो. आमच्या सौंसरची मुले बारावीनंतर, कधी त्याआधीच, नागपूरची वाट धरतात. आमचा तालुका १९५६ साली मध्य प्रदेशात राहिला, २०२३ पासून पांढुर्णा नावाच्या नव्या जिल्ह्यात गेला; पण डॉक्टर, कापड, सोयरीक आणि शिकवणी या चार गोष्टींसाठी आमचे पाय अजूनही नागपूरकडेच वळतात. तेव्हा चिरंजीवही मामाकडे राहून अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होते. पहिल्या वर्षी यश आले नाही. दुसऱ्या वर्षीही आले नाही. त्या दिवशी दूरध्वनीवर मी बोलू नये ते बोललो. पडद्यावर गाड्या फिरविणाऱ्या मुलाचे तोंड पाहण्याची मला इच्छा नाही, असे काहीसे ते वाक्य होते. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना समजुतीने घेणारा मनुष्य स्वतःच्या मुलाशी किती बेताल बोलू शकतो, याचा तो नमुना होता. त्यानंतर चार महिने आमचे बोलणे त्याच्या आईमार्फत चालले. अखेर मेहुण्यांनीच फोन केला, ‘‘भाऊजी, रविवारी या. पोराची स्पर्धा आहे. काही बोलू नका, नुसते येऊन बसा.’’

मी जाऊन बसलो. पण नुसते बसणे मास्तरांना जमते थोडेच!

त्या खेळाचे नाव ‘ग्रॅन तुरिस्मो’. कझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थाने तो रचला आणि १९९७च्या डिसेंबरात तो प्रथम जपानात आला. मुले खेळत होती तो त्याचा सातवा अवतार, २०२२ सालचा. यात खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या गाड्या असतात आणि त्यांचे वजन, इंजिनाची ताकद, टायरची पकड हे सारे हिशेबात धरलेले असते. आणखी एक मौज मला मेहुण्यांकडून कळली. या खेळात चालकाच्या परवान्यासाठी चक्क परीक्षा द्याव्या लागतात. ब्रेक कोठे दाबावा, वळण कसे घ्यावे याच्या लहान लहान चाचण्या, आणि कामगिरीप्रमाणे कांस्य, रौप्य वा सुवर्ण. ‘‘तुमच्या मुलाला सगळ्या परीक्षांत सुवर्ण आहे,’’ असे मेहुणे म्हणाले. हे ऐकून एका मुख्याध्यापकाच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

मुलांनी आपापल्या गाड्या निवडल्या होत्या. कोणाकडे अमेरिकन मस्टँग, कोणाकडे निस्सान, कोणाकडे बीएमडब्ल्यू. चिरंजीवांच्या नावापुढे पडद्यावर उमटली ती होंडा फिट. आपल्याकडे हीच गाडी ‘जॅझ’ या नावाने विकली जात असे. मेहुण्यांच्या दारात एक उभी आहे, तिच्या मागच्या काचेपाशी भाजीची पिशवी नेहमी असते. खेळाच्या आरंभी नवशिक्याला ज्या तीन लहान गाड्यांतून एक निवडायची असते, त्यांतलीच ही. बाकीची मुले पुढे तिला सोडून देतात. नाव उमटताच सभागृहात हशा पिकला. एकजण ओरडला, ‘‘मामाची गाडी आली रे!’’

माझे कान तापले. मी पुढे वाकून म्हणालो, ‘‘अरे, एखादी बरी गाडी घे ना.’’

त्याने मान वळविली नाही. ‘‘हीच आहे, बाबा.’’

चार महिन्यांनी ऐकलेले ते त्याचे पहिले शब्द.

हा हशा मी पूर्वी ऐकला होता. माझ्या लहानपणी, संक्रांत उलटून शेतीची घाई सरली की आमच्या बाजूच्या गावांत शंकरपट भरत. पश्चिम महाराष्ट्रातील वाचक ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात त्याचीच ही वैदर्भी भावंड, पण रीत निराळी. शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या, प्रत्येकीवर एक जोडी, मागे नावाला दोन चाकांची हलकी छकडी आणि तिच्यावर धुरकरी. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वांना ठाऊक आहे; आमचे पट त्यामानाने गावकीचे. पटाची जोडी म्हणजे धनिकाचे काम. त्या बैलांना नांगराला जुंपीत नसत, त्यांचा खुराक माणसांहून चांगला. आमच्या अण्णांकडे असली जोडी कोठून असणार? एक बैल बाजारातून आणलेला आणि दुसरा आमच्या घरच्या गाईचा गोऱ्हा, पहिल्याहून चार बोटे ठेंगणा. आठवडाभर वखर ओढून ही जोडी रविवारी पटात उतरली. ध्वनिक्षेपकावरून अण्णांचे नाव पुकारले गेले आणि कोणीतरी म्हणाले, ‘‘एक बैल आणि एक बकरी!’’ लोक हसले. मी अकरा वर्षांचा होतो. मी उसाच्या रसाच्या गाड्यामागे जाऊन उभा राहिलो आणि तेथून परस्पर घरी आलो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. त्या पटांविषयी मी हळवा असलो तरी त्यांत सारेच गोमटे नव्हते. धुरकऱ्याच्या हातातील तुतारीला टोकदार आर असे आणि पट संपल्यावर बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके मी पाहिले आहेत. अण्णांच्या हातातही तुतारी होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर या शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो दुरुस्त कायदा वैध ठरविला. अटींत बैलांना इजा करण्यास मनाई आहे, ती पाळली जावी. पडद्यावरच्या गाडीला निदान रक्त येत नाही.

असो. शर्यतीकडे वळतो. धावपट्टी जपानातील त्सुकुबाची होती. खरीच जागा आहे ती, एक फेरी जेमतेम दोन किलोमीटरची. पडद्याचे दोन भाग करून दोघांनी एकदम धावायचे, पाच फेऱ्या, हरणारा बाद. पटासारख्याच दोन जोड्या! खेळ प्रत्येक गाडीला तिच्या कुवतीप्रमाणे एक गुणांक देतो, आणि मुलांनी त्याची एक वरची मर्यादा ठरविली होती. चिरंजीवांची पहिली गाठ मस्टँगशी पडली. निशाण पडताच मस्टँग सुसाट गेली आणि पहिल्या सरळ रस्त्यावरच आमची फिट एवढीशी दिसू लागली. मी मनातल्या मनात रसाच्या गाड्याकडे चालू लागलो होतो.

पण त्सुकुबाला सरळ रस्ता थोडा आणि वळणे फार. दोन-तीन जागी तर गाडी जवळजवळ उलट्या दिशेलाच फिरवावी लागते. तेथे मस्टँगचा धनी लवकर ब्रेक दाबी, तरीही त्याची गाडी बाहेरच्या अंगाला फेकली जाई. फिट मात्र उशिरा मंदावे, आतल्या कडेला घासून जाई आणि वळणातून बाहेर पडताना दोघांतले अंतर निम्मे झालेले असे. सरळ रस्त्यावर पुन्हा वाढे, वळणावर पुन्हा घटे. तिसऱ्या फेरीत फिट पुढे गेली. शेवटचे लांबलचक उजवे वळण संपताना मस्टँग अगदी खेटून आली होती. अर्ध्या गाडीने आमचा मुलगा जिंकला. मी टाळी वाजविली नाही, कारण माझे दोन्ही हात खुर्चीला घट्ट धरून होते.

दरम्यानच्या विश्रांतीत मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि विद्यार्थ्यासारखे विचारले, हे कसे? तो प्रथम तुटक, मग हळूहळू मोकळेपणे सांगू लागला. मस्टँगचे वजन सतराशे किलोंच्या आसपास, फिटचे साधारण अकराशे. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, म्हणून सरळ रस्त्यावर कमावलेला वेग जड गाडीला वळणाआधी फार लवकर खर्ची घालावा लागतो. त्याने खेळातले पैसे इंजिनावर घातलेच नव्हते. वजन आणखी घटविले, टायर आणि ब्रेक चांगले बसविले. ‘‘सगळे इंजिन वाढवतात, बाबा. गुणांक तेवढाच येतो. पण तो कशाकशाचा मिळून आलाय, ते कोणी बघत नाही.’’

मी गप्प राहिलो. दर वर्षी दीड-दोनशे गुणपत्रिकांवर सही करणाऱ्या मनुष्याला या वाक्यावर बोलण्यासारखे फारसे नव्हते.

मग त्यानेच मला २००९ सालच्या बेल्जियममधील शर्यतीची हकीकत सांगितली. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा फोर्स इंडिया नावाचा आपल्या देशाचा संघ होता. त्याला तोवर एकही गुण मिळालेला नव्हता. स्पा येथे त्यांचा इटालियन चालक फिसिकेला पात्रता फेरीत सर्वांच्या पुढे राहिला. प्रत्यक्ष शर्यतीत फेरारीच्या रायकोनेनने त्याला मागे टाकले खरे, पण शेवटी दोघांत एका सेकंदाचेही अंतर नव्हते. ही जादू नव्हती. ती गाडी वाऱ्याला कमी अडविणारी होती आणि स्पाला सरळ रस्ते लांब. म्हणजे आमच्या फिटच्या अगदी उलट प्रकार, पण मर्म तेच. पुढच्याच मोंझाच्या शर्यतीत, जेथे रस्ते असेच सरळ आहेत, त्या संघाची दुसरी गाडी चौथी आली. मला विचाराल तर त्या संघाच्या मालकांची पुढची कीर्ती सोडून देऊन एवढी हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यान मार्डनबरो या ब्रिटिश मुलाचेही नाव तेथे निघाले. हाच खेळ घरी खेळता खेळता तो २०११ मध्ये एका निवड-स्पर्धेत जिंकला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपटही निघाला. ‘‘म्हणजे तुलाही…’’ असे मी म्हणू लागताच चिरंजीव हसले. ‘‘नाही हो बाबा. तो लाखातला एक.’’ मुलाची समज बापापेक्षा शाबूत होती. आणि हे वाचून कोणी आईबापांनी ते यंत्र घरी आणण्याची घाई करू नये; रात्र रात्र जागणारी मुलेही मी पाहिली आहेत.

दुसऱ्या फेरीत त्याने निस्सानला हरविले. उपान्त्य फेरीत समोर आली माझदाची एक बुटकी, दोनच आसनांची रोडस्टर. चालक एक चष्मेवाला, बारीक मुलगा; आला तसा कोणाशी बोलला नव्हता. त्याचीही गाडी हलकीच, शिवाय वळणासाठीच घडविलेली. पाचही फेऱ्यांत फिट तिच्या मागे दोन हातांवर राहिली आणि तेवढ्यावरच राहिली. एका वळणावर चिरंजीवांना आत घुसून धक्का देता आला असता. तशी धक्काबुक्की त्या दिवशी इतरांनी केलीही होती. त्याने दिला नाही. उठताना त्याने त्या चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, ‘‘ती गाडी इथली आहे.’’

संध्याकाळी तो मला बसपर्यंत सोडायला आला. मामाच्या त्या जॅझमधूनच, आणि सांगावयास हरकत नाही, फारच सावकाश चालवीत. वाटेत मी त्याला अण्णांच्या पटाची गोष्ट सांगितली. गोऱ्ह्याची, बकरीची, रसाच्या गाड्याचीसुद्धा. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग आजोबांची जोडी शेवटी कितवी आली?’’

मला ते ठाऊक नव्हते. पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षे लोटली. घरी कोणी तो विषय काढला नाही, आणि मी तर काढणे शक्यच नव्हते. बस सुटावयास अवकाश होता. मी तेथूनच पांढुर्ण्याला आक्काला फोन लावला. तिला आठवत होते.

‘‘त्यांच्या गटात तिसरी आली होती की,’’ ती म्हणाली. ‘‘स्टीलचा गंज मिळाला होता बक्षीस, माझ्याकडेच आहे तो. पण तू कुठे गेला होतास रे तेव्हा? अण्णा गंज घेऊन सगळा पट फिरले, तुला शोधत.’’