पेलेट स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका!



दिघा, ऐरोली पट्ट्यात घरी चकली, फरसाण, फराळ करून विकणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, गॅस परवडत नाही. पेलेटची शेगडी घेऊ का?" माझं स्पष्ट मत ऐका: आधी पेलेट बघा, मग शेगडी. लोक बरोबर उलटं करतात आणि शेगडी माळ्यावर जाते.

हे मी हवेत बोलत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर 'ऊर्जा' नावाची पेलेटची शेगडी आली होती. आधी बीपी कंपनीने आणि नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ती चालवली. सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. शेगडी चांगलीच होती. पण पेलेटचा कच्चा माल महागला, पेलेट महागले आणि घराघरांतल्या शेगड्या बंद पडल्या. धडा काय? इंधन नियमित आणि परवडेल अशा भावात मिळत नसेल, तर शेगडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

आता दर्जाचं बघू. दुकानदार किलोचा भाव सांगतो. तुम्ही उष्णतेचा भाव काढा. समजा एक पेलेट १२ रुपये किलो, उष्मांक ३,००० किलोकॅलरी. दुसरा १४ रुपये, उष्मांक ४,०००. पहिल्यात १,००० किलोकॅलरीला ४ रुपये पडले, दुसऱ्यात साडेतीन. म्हणजे महाग दिसणाराच स्वस्त! विक्रेत्याकडे लॅबचा रिपोर्ट मागा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

लाकडाच्या पेलेटसाठी आंतरराष्ट्रीय मानकात सर्वात वरच्या दर्जाला ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्याच्या आत लागते. आपल्याकडे शेंगांची टरफलं, बगॅस, भाताचा तूस असं सगळं मिसळतात. तुसात राख फार असते. ती वितळून कडक गोळे होतात, जाळी बुजते आणि ऐन ऑर्डरच्या वेळी आच मंदावते. मग तेल पुरेसं तापत नाही, चकली तेल पिते. नुकसान इंधनाचं कमी, मालाचं जास्त.

घरच्या घरी तपासणी अशी करा:

१. पेलेट मोडून बघा. कडक, गुळगुळीत, मोडताना टक् आवाज हवा. पोत्याच्या तळाला भुकटी जास्त असेल तर नको.

२. पाण्याच्या ग्लासात टाका. चांगला पेलेट लगेच बुडतो आणि थोड्या वेळाने फुगून त्याचा भुसा होतो.

३. २ किलो जाळा, राख वजन करा. २० ग्रॅम म्हणजे १ टक्का, छान. २०० ग्रॅम म्हणजे १० टक्के, सोडून द्या.

४. वास घ्या. फर्निचरच्या कारखान्यातला प्लायवूड, लॅमिनेटचा भुसा असेल तर जळताना डिंकाचा, रसायनाचा वास येतो. खाण्याच्या पदार्थाखाली असलं काही जाळायचं नाही, फुकट मिळालं तरी.

साठवणही महत्त्वाची. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पेलेट हवेतला ओलावा ओढतात आणि भुगा होतो. पोती फळीवर ठेवा, तोंड घट्ट बांधा, जूनमध्ये चार महिन्यांचा साठा करू नका.

अजून दोन गोष्टी. १९ किलोच्या सिलिंडरमधल्या उष्णतेला कागदावर साधारण ५० किलो पेलेट लागतात. शेगडीत उष्णता जास्त वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. ती पोती ठेवायला खोलीत जागा आहे का? आणि बंद खोलीत शेगडी अजिबात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, पण जीव घेतो.

शेवटचं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. वारं कुठल्या दिशेला आहे ते ओळखा. पैसे गुंतवण्याआधी नवी मुंबई महापालिकेत जाऊन पेलेट चालतील का, हे लेखी विचारा.

म्हणून सांगतो, आधी एक पोतं आणा. शेजारच्या कुणाच्या शेगडीवर आठ दिवस माल तळून बघा. वहीत रोजचा खर्च लिहा. आकडा तुमच्या बाजूने आला, तरच शेगडी घ्या. धंदा हौसेवर नाही, हिशोबावर चालतो!